मामांचं कोडं

मला बघायला आलेल्या मुलाच्या मामांना कोडी घालायचा नाद होता. नाद कसला, खोडच ती. मुलाचे वडील गेलेले, त्यामुळे घरात शब्द मामांचा चालायचा. कोड्यात अडकल्या म्हणून आधीच्या दोन मुली त्यांनी नापसंत केल्या होत्या. स्थळ आणणाऱ्या मावशीने हे आईच्या कानावर घातलं आणि आईने माझ्या. वर दम भरला, "विचारतील तेवढंच बोल. तुझी जीभ जरा आवर."

मला ते स्थळ हवं होतं. शेजारच्या लग्नात मुलाला पंगत वाढताना पाहिलं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसवून, वाढून, मग शेवटी स्वतः जेवला. बस्स, तेवढ्यावर आवडला मला. घरात मात्र कुणाला कळू दिलं नव्हतं.

लिंबायतच्या कामगारवस्तीत आमची एकच खोली. धुळ्याकडून आलेले मामा खाटेवर ऐसपैस बसले होते. मुलगा शेजारी, मान खाली. त्याची आई सतरंजीवर, डोक्यावर पदर घेऊन. आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. दारात निम्मी गल्ली जमलेली. मागच्या कारखान्यातल्या यंत्रमागांची खडखड चालूच होती, म्हणून मामा ओरडून बोलत होते.

"ऐक पोरी. नवराबायको एकाच खोलीत राहतात. आठवडा आठवडा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, रुसवा नाही, कुणी गावालाही गेलेलं नाही. मग का बोलत नाहीत?"

हात्तिच्या, एवढंच? रात्रभर मी जागी राहिले ती ह्यासाठी? मी म्हटलं, "नवरा रातपाळीला जातो. बायको दिवसा साड्यांच्या घडीकामाला. तो घरी येतो तेव्हा ती निघून गेलेली असते."

दारातल्या बायका हसल्या. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच चालायचं.

"चूक!" मामांनी मांडीवर थाप मारली. "दोघं मुके आहेत! रातपाळी कुठून आणलीस? मी म्हटलं का रातपाळी?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. गेलं स्थळ, मला वाटलं. आणि माझं डोकंच फिरलं.

"मुके आहेत असं तरी कुठे म्हणालात?"

आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि घाबरून मामांकडे बघितलं. मामांचा चेहरा लाल झाला होता. बघायला आलेल्या माणसाला मुलीने उलट विचारायचं, हे त्यांनी आजवर ऐकलं नसावं.

"थांब दादा," सतरंजीवरून आवाज आला. मुलाची आई माझ्याकडे बघत होती. "पोरी, ते बोलत नाहीत हे कळलं. पण भांडत का नाहीत?"

हे आता दुसरं कोडं. आई म्हणाली होती, विचारतील तेवढंच बोल. विचारलं होतं, म्हणून बोलले. "भांडायला दोघं एका वेळी घरात जागे नकोत का, काकू?"

ती हसेल असं मला वाटलं होतं. तिने पदर तोंडावर धरला. मामा अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"ह्याचे वडील आयुष्यभर रातपाळीला होते," ती म्हणाली. "मी घडीकामाला. म्हटलं, पोरगा कमावता झाला की निवांत बसू, मनात साठलंय ते सगळं एकदा भांडून घेऊ." पुढचं ती अहिराणीत बोलली, आपल्याच माणसांत बोलावं तसं. "मनं तं भांडानं राहीच गयं, बाई."

भांडायचं राहूनच गेलं. मामा परत खाटेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिने डोळे पुसले आणि माझ्या आईला म्हणाली, "पोरगी मला द्या. पण एक अट आहे. ह्या दोघांची पाळी एकच पाहिजे."