बाटलीतला माझा वाटा

ये गं पोरी, जवळ बस. किती महिने लावलेस यायला! पण ती तू आणलेली गुडघ्यांच्या तेलाची बाटली आधी बंद कर, त्या वासानं मी थेट साठ-पासष्ट सालच्या दुबईत, आमच्या देऱ्याच्या वस्तीत जाते. आमच्या खाली एक अत्तरवाला राहायचा, आपल्याच रत्नागिरीकडचा. बिस्किटाच्या डब्यात वाळू घालून त्यानं साप पाळलेला, आपल्या मांडुळासारखा, बिनविषारी, पण उपासमारीनं पार कातडं लोंबलेला. म्हणाला, “भाभी, तुमच्या हाताला बरकत आहे. याला जगवा, मग रेतीत सोडून देऊ.” आधी मी किंचाळले, मग दया आली. खजूर लावून पिंजऱ्यात उंदीर पकडायचे, डबा उन्हानं तापलेल्या भिंतीशी ठेवायचे. त्यानं पहिला उंदीर गिळला तेव्हा तुझ्या नानांना हाका मारून दाखवला. हिवाळा सरेपर्यंत तो चांगला गुटगुटीत झाला, माझ्या मनगटाला वेटोळं घालून निवांत पडायचा. अत्तरवाला डबा घेऊन गेला तेव्हा मी रडले, पण म्हटलं, सुटला बिचारा. आठवड्यानं तो बाटली घेऊन हजर. “घ्या भाभी, तुमचा वाटा. सांध्यांना उत्तम. सुकलेल्या सापातून थेंब निघत नाही, तुम्ही काय चरबी चढवलीत!” मी तुझ्या नानांकडे पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, “अगं, आधी सांगितलं असतं तर तू त्याला भरवलं असतंस का?” अत्तरवाला परका होता, त्याचं काय! पण नानांच्या हातून मी पुढे कधीच तेल लावून घेतलं नाही. दुखतात गुडघे, दुखू देत. तू मात्र लवकर ये परत, आणि रिकाम्या हातानं ये.