रडारचे मागचे पाय

खोडदच्या बबनभाऊंच्या गोठ्यात मी उकिडवा बसून टेप लावत होतो. टेप शिंप्याचा. समोर सात महिन्यांचा पांढराशुभ्र खोंड. खांद्याशी उंची भरली एकोणचाळीस इंच, कमरेशी पस्तीस. पुन्हा मोजली. तेवढीच.

"काय वं डॉक्टर, बोला की," बबनभाऊ म्हणाले.

"टेप जुना आहे."

"टेप जुना आसंल. माजं डोळं नवं हायेत. मोतीबिंदू दिवाळीतच काढलाय. ह्यो मागून बसत चाललाय, राव. तरस दिसतंय तरस!"

मी टेप गुंडाळून खिशात घातला. बबनभाऊंनी माझं पुस्तक कधी उघडलेलं नाही. पण आमच्या पुस्तकात या दुखण्याचं नाव हेच आहे, हायना डिसीज. हायना म्हणजे तरस. पुढून उंच, मागून खचलेलं.

खोंडाचं नाव रडार. बबनभाऊंच्या बांधावरून आकाशातल्या रेडिओलहरी टिपणाऱ्या अवाढव्य अँटेना दिसतात. ती दुर्बीण आहे, रडार नव्हे, असं तिथे नोकरी करणाऱ्या एका शेजाऱ्याने समजावून पाहिलं. बबनभाऊ म्हणाले, "मग खोंडाचं नाव दुर्बीण ठेवू व्हय?" विषय संपला.

आमच्या जुन्नर-आंबेगावात खोंड जन्मला की लोक आधी त्याचे पाय बघतात. कारण घाट. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढाचा रस्ता. आणि तिथे जोर लागतो तो मागच्या पायांचा. बबनभाऊंच्या मनात रडार जन्मल्या दिवसापासून घाटात पळत होता. त्यात त्यांच्या साडूकडे, अवसरी खुर्दच्या दत्तूभाऊंकडे, त्याच वळूचा खोंड त्याच आठवड्यात जन्मलेला. दत्तूभाऊ दर रविवारी त्याचा व्हिडिओ पाठवायचे. खाली मजकूर एकच असायचा, "तुमचा कसाय?"

आता माझं सांगतो. नारायणगावात हायवेला लागून माझा जनावरांचा दवाखाना आहे. बावीस वर्षं मी एकटा राजा होतो. मग समोरच्या बाजूला डॉ. शीतल आली. वय अठ्ठावीस. तिच्याकडे सोनोग्राफी, तिच्याकडे उचलून नेता येणारं एक्स-रे मशीन, तिच्याकडे एसी. माझ्याकडे पंखा होता, तोही उन्हाळ्यात आवाज करायचा. मी खिडकीत उभा राहून तिच्या दारातल्या शेळ्या मोजायचो. एक दिवस अकरा झाल्या. मी जेवलो नाही.

त्यामुळे रडारच्या जन्मानंतर पहिलं इंजेक्शन शीतलने दिलंय, एडी-थ्रीचं, हे मला आठवलं तेव्हा माझ्या मनात जे झालं त्याला सभ्य शब्द नाही. एडी-थ्री म्हणजे ए आणि डी-थ्री ही दोन जीवनसत्त्वं. वासराला ती हवीतच. पण जास्त झाली की हाडांची वाढ बिघडते, मागचे पाय खुंटतात. मी मनातल्या मनात पडदा वर गेलेला पाहिला. रंगमंचावर मी. समोर ती. बाकावर अकरा शेळ्या, मालकांसह.

"बबनभाऊ, पिकअप काढा," मी म्हणालो. "एक्स-रे काढायचा. त्या बाईंच्याच मशीनवर."

मंदावहिनी, म्हणजे बबनभाऊंची बायको, भिंतीवरची दिनदर्शिका काढून पिशवीत घालत होत्या. "ही कशाला?" मी विचारलं.

"असू द्या. बाई इचारत्यात, कवा काय दिलं त्ये. मी समदं लिवून ठेवते."

छान, मी म्हटलं. पुरावाही सोबत.

शीतलच्या दवाखान्यात गर्दी होती. मी आवाज पोटातून काढला. "मॅडम, तुम्ही इंजेक्शन दिलेलं वासरू आहे हे. जरा त्याचा एक्स-रे काढता?"

बाकावरचे लोक सरसावून बसले. शीतल म्हणाली, "सर, तुम्ही उभे का? खुर्ची द्या रे सरांना." मग तिने एक्स-रे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्क्रीनही मोठी होती.

तिथे काय दिसलं ते सांगतो. लांब हाड मधून वाढत नाही, टोकाशी वाढतं. टोकाजवळ कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. तिच्यातल्या पेशी एकीवर एक रचलेल्या असतात. त्या वाढतात, फुगतात, म्हाताऱ्या होतात. मग हाड बांधणाऱ्या पेशी तिथे येऊन पक्कं हाड घालतात. पट्टी जिवंत आहे तोवर पाय लांबतो. डी या बांधकामाला कॅल्शियम मिळवून देतं. ए पेशींच्या वाढीचा वेग सांभाळतं. पण ए फार झालं की पेशी घाईने म्हाताऱ्या होतात आणि पट्टी वेळेआधीच बंद होते. त्यात ही दोन्ही जीवनसत्त्वं चरबीत मुरणारी. जादा झाली म्हणून लघवीवाटे निघून जात नाहीत, शरीरात साठून राहतात.

निरोगी वासरात पट्टी काळ्या रेघेसारखी दिसते. रडारच्या मागच्या पायांत रेघ जवळजवळ गेलेली होती.

"बंद झाली," शीतल हळू आवाजात म्हणाली. "ए फार झालंय, सर."

"तेच विचारतोय!" मी हात पसरले. "दिलं कुणी?"

"मी एकदा दिलंय." तिने रजिस्टर उघडलं. तारीख, डोस, सही. डोस बरोबर होता.

मंदावहिनींनी दिनदर्शिका टेबलावर पसरली. पानं उलटत त्या बोटाने दाखवू लागल्या. "ह्ये बाईंचं. तिसऱ्या दिवशी. एकच. आन ह्ये तुमचं. ह्ये तुमचं. ह्ये बी तुमचं." दर सोमवारी एक गोल. नऊ आठवडे. गोल लाल पेनाने काढलेले.

तेव्हा मला आठवलं. बबनभाऊ माझ्याकडे गोचिडाचं औषध घ्यायला आले होते आणि म्हणाले होते, "बाईंच्या एका सुईनं वासरू उड्या मारतंय, राव." मी हसलो होतो. "एक? एकानं काय होतंय? माझ्याकडे दर सोमवारी आणा, हीच सुई देतो." वर रोज पाजायचं लिक्विडही दिलं होतं. त्यातही ए आणि डी-थ्रीच.

"लिक्विड किती पाजलंत?" मी विचारलं. माझा आवाज आता पोटातून येत नव्हता.

बबनभाऊंनी टोपी काढली. "तुमी एक टोपण सांगितलं व्हतं. मी तीन पाजली. साडूचा व्हिडिओ आला की चार."

एक शेळी तेवढी ओरडली. शीतल हसलीसुद्धा नाही. हसली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

"आता उपाय काय?" बबनभाऊंनी मला विचारलं. तिला नाही, मला. तेच जास्त लागलं.

"बबनभाऊ, कांद्याला डेंगळा आला की कांदा पोसतो का?"

"नाय. फुलाचा दांडा निघाला की संपलं."

"तसंच झालंय. त्या पट्टीला डेंगळा आला. आणि तो मी आणला. आजपासून सगळं बंद. चालेल, खाईल, जगेल. पण पाय लांबणार नाहीत. घाट विसरा."

ते बराच वेळ रडारची पाठ चोळत राहिले. मग त्यांनी तिथूनच साडूंना फोन लावला. स्पीकर चालू. "दत्तू, तू खोंडाला काय देतो रं?"

"काय देणार? आईचं दूध, आन सकाळचं ऊन. का वं?"

"काय न्हाय." फोन ठेवला.

मंदावहिनी दिनदर्शिका गुंडाळत म्हणाल्या, "ह्ये साडूवर जळलं, तुमी बाईंवर जळला. आन पाय गेलं त्याचं." मी रडारकडे पाहिलं. तो शीतलच्या एसीसमोर डोळे मिटून उभा होता. तोसुद्धा!

रडार आता चार वर्षांचा आहे. घाटात गेला नाही. शेतातून घरापर्यंत गवताची गाडी ओढतो. पुढून पाहिला तर कुणीही हार घालावा असा आहे. म्हणून बबनभाऊ पाहुण्यांना तो पुढूनच दाखवतात. साडूंचा खोंड यंदा घाटात पहिला आला. बबनभाऊ गुलाल घेऊन गेले होते. येताना माझ्याकडे थांबले. चहा घेतला आणि गोचिडाचं औषध घेऊन गेले.

मी दवाखान्यात एक पाटी लावली, "आधी कुणी काय दिलं, ते सांगा. मग सुई." खरं तर सुई भरताना मी स्वतःला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, की हे मी जनावरासाठी देतोय की समोरच्या दवाखान्यासाठी. तो पाटीवर लिहिता येत नाही.

शीतलला पाटी आवडली. तिने विचारून तशीच करून घेतली. तिची माझ्या पाटीपेक्षा दुप्पट मोठी आहे, आणि अंधार पडला की तिच्यात लाइट लागतो.