टाकीमागची मुंगवडी

कढईतल्या मुंगवड्यांमध्ये एक जण हात वर करून उभा होता.

मी झारा थांबवला. मुंगवड्यांना हात नसतात, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, उजव्याचं व्हायचं आहे, म्हणून डावा डोळा कढईजवळ नेला. माणूसच होता तो! बोटाच्या दोन पेरांएवढा. छाती पुढे, एका हातात ढाल, दुसरा हात आभाळाकडे. माझ्या डोळ्यादेखत त्याची ढाल गळून पडली, मग गुडघे वाकले, आणि मग तो उकळत्या तेलात सावकाश मांडी घालून बसला.

"वंदे!" मी सुनेला हाक मारली. "अवं, भाजीत माणूस आहे!"

"सकाळी सकाळी काय बोलून राह्यल्या आई तुम्ही," म्हणत वंदना आली. कढईत पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकली. "बाप्पा! हा तर पल्लवीचा ढाल्या! आई, आज सामना आहे तिचा!"

ते मलाही माहीत होतं. महिनाभर आमच्या घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं.

पल्लवी माझी नात. वय बावीस. आर्णीहून रोज बसने यवतमाळच्या बाजूला लोहाऱ्याला जाते, तिथल्या कारखान्यात माल तपासते. दिवसभर हुशार माणसासारखी वागते आणि घरी आली की टेबलावर पुठ्ठ्याचं गाव मांडून प्लास्टिकची बाहुली लढवते. बाहुली म्हटलेलं तिला चालत नाही. ते महावीर आहेत. कोणी उडतो, कोणी वीज फेकतो, कोणी इमारत उचलतो. कोण किती चालणार ते टेपने मोजतात आणि कोण मरणार ते फासे टाकून ठरवतात. "ज्याले उडता येते, त्याले टेप कायले लागते वं?" असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हापासून खेळ मांडला की मला दुसऱ्या खोलीत बसवतात.

सामना जोडीचा असतो. पल्लवीची जोडीदार तिची आई. (हो, माझी सून. चाळीस वर्षांची बाई "माझा डोंगऱ्या कुठे गेला" म्हणून पलंगाखाली शोधते.) गेली दोन वर्षं या मायलेकी यवतमाळच्या एका दातांच्या डॉक्टर नवरा-बायकोकडून हरत होत्या. या वेळी जिंकणारी जोडी नागपूरच्या मोठ्या सामन्याला जिल्ह्यातर्फे जाणार होती. पल्लवीने भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावर फक्त 'नागपूर' लिहिलं होतं. आणि त्यासाठीच पाच नवे महावीर मागवले होते, ज्यांच्या शक्ती डॉक्टरांना अजून ठाऊक नव्हत्या.

त्यातला एक मी तळला.

कसा तळला, तेही सांगते. लपवून काही उपयोग नाही, वंदनाने सगळ्या गल्लीला सांगून झालं आहे. पल्लवीने त्या पाच जणांना रंगाचा पहिला हात दिला आणि गच्चीवर वाळत ठेवलं. रंग कोणता? पिवळट! आणि जागा कोणती? माझ्या मुंगवड्यांच्या शेजारी! मुगाची डाळ भिजवून, वाटून, जुन्या पातळावर मी बोटाने एकेक वडी टाकलेली. माझ्या वड्या जरा मोठ्या असतात. (वंदना त्यांना लाडू म्हणते. मी ऐकलं आहे.) काल दुपारी चार वाजता वांदरं आली. माणसाला वांदरं दिसली की तो निवड करत बसत नाही. मी धावले, जे पिवळं दिसलं ते पदरात घेतलं आणि डब्यात ओतलं.

पल्लवी संध्याकाळी कामावरून आली आणि गच्चीवर गेली. "आजी, माझे वीर?"

"डब्यात ठेवले, वांदरं आलती," मी म्हणाले. डब्यात म्हणजे तिला वाटलं तिच्या डब्यात. मला वाटलं, तिला कळलं. दोघी समाधानाने झोपलो.

आता कढईतून काळा धूर निघायला लागला. वंदनाने कढई चिमट्याने धरली आणि मोरीकडे पळाली. पळू नको म्हणून मी ओरडले, त्यामुळे ती दचकली, आणि तेल तिच्या पायावर उडालं. फार नाही, पण बाईचा पाय होता, चप्पल कुठे होती! ती बोंबलली. तिचा आवाज ऐकून पल्लवी ओल्या केसांनी न्हाणीतून बाहेर आली. समोर आई एका पायावर नाचते आहे, घरात धूर, आणि मी झाऱ्यात तिचा ढाल्या घेऊन उभी.

"आजी, हे काय आहे?"

"बसला तो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी रागावले तरी असते. तिने डबा जमिनीवर ओतला, मुंगवड्यांतून उरलेले चार महावीर निवडून काढले, पुसले, ओळीने उभे केले. एकाची तलवार गेली होती, ती मुंगवडीत घुसलेली सापडली.

"झालं," ती म्हणाली. "पाच पाहिजेत, चार आहेत. दोन पाहिजेत, मी एकटी आहे. आईच्या पायाले पट्टी. जाऊन काय करू?"

"आईच्या जागी मी येतो," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी अजून कोणाला तरी तळते म्हणाले.

"आजी, तुले नियम येते काय?"

"तुझ्या बापाले वाढवलं, तेव्हा कोणते नियम येत होते?"

"अन् ढाल्या? त्याच्या जागी काय ठेवू?"

मी जमिनीवरची सगळ्यात उंच मुंगवडी उचलली. खरं सांगते, त्या क्षणी मी ती मुकाट्याने डब्यात टाकायला हवी होती.

पण पल्लवीने ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट बघितली, आणि ढाल्याच्या पायाखाली लावायची गोल चकती आणून गोंदाने तिच्या बुडाला चिकटवली. रंगवलेला वीरच चालतो असा नियम आहे म्हणून बसमध्ये तिने तिला निळा पट्टा आणि दोन डोळे काढले. रस्त्यातल्या खड्ड्यात एक डोळा कपाळावर गेला. चाळीस किलोमीटरमध्ये ती माझ्याशी एवढंच बोलली, "आजी, हातात धर. पिशवीत चुरा होईल." मी मुंगवडी तळहातावर घेऊन यवतमाळपर्यंत आले. शेजारच्या बाईने विचारलं, "प्रसाद आहे काय वं?" मी नाही म्हटलं. काय आहे ते मात्र सांगितलं नाही.

सामना एका शाळेच्या हॉलमध्ये होता. सगळ्या पोरासोरांत पातळ नेसलेली मी एकटी. डॉक्टर नवरा-बायको आधीच येऊन बसले होते. त्यांचे वीर पेटीत, प्रत्येकाला कापसाची गादी. आमचे डब्यात, प्रत्येकाला मुगाचा वास.

पंचाने मुंगवडी उचलली आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे काय आहे?"

"ढाल्या," पल्लवी म्हणाली.

त्याने वास घेतला. "हे खायचं दिसते."

"दिसते काय, आहेच," मी म्हणाले. "चकती नियमाची आहे का नाही? उंची मोजा."

त्याने खरंच टेप काढून उंची मोजली. नियमाचं पुस्तक दोनदा चाळलं. मुंगवडी चालत नाही असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. डॉक्टर हसून म्हणाले, "राहू द्या ना. आम्हाला काही हरकत नाही." त्यांना कशाला हरकत असेल!

पल्लवीने माझ्या कानात समजावलं. गावाच्या मधोमध चौक. जो चौकात उभा राहील त्याला गुण. फेऱ्या सहा. शेवटच्या फेरीत चौकात जो असेल त्याला दोन गुण. तीन वीर ती चालवणार. माझ्याकडे दोन, डोंगऱ्या आणि ढाल्या. "ढाल्याची शक्ती ध्यानात ठेव आजी. त्याच्या बाजूले जो उभा राहते, त्याले मार अर्धाच लागते. म्हणून तो सगळ्यांच्या संग चौकात पाहिजे. समजलं?"

"समजलं," मी म्हणाले. आणि समजलंही होतं. दुर्दैव तेच आहे.

पहिल्या फेरीत डॉक्टरीणबाईंच्या वीराने आमच्या उडत्या पोरीवर आग फेकली. पल्लवीने फासे टाकले, उडती पोरगी उडाली ती टेबलाखालच्या खोक्यात. सकाळपासून आगीत गेलेला हा दुसरा! माझी पाळी आली. मी ढाल्याला उचललं आणि पुठ्ठ्याच्या पाण्याच्या टाकीमागे ठेवलं.

"आजी, चौकात!"

"थांब ना, अंदाज घेऊन राह्यली मी."

दुसऱ्या फेरीत पल्लवीचा वीज फेकणारा गेला, पण जाता जाता त्यांचे दोन घेऊन गेला. ढाल्या टाकीमागे. तिसऱ्या फेरीत माझा डोंगऱ्या चौकात एकटा उभा राहिला. त्याच्यावर तिघं तुटून पडले. त्याने एकाला आडवा केला आणि मग स्वतः झोपला.

"आजी, ढाल्या बाजूले असता तर वाचला असता तो!" पल्लवीचा आवाज फाटला. "कायले लपवून ठेवलं त्याले?"

"मरन ना तो!"

"खेळ आहे हा!"

"सकाळी कढईत काय होतं मग?"

डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई एकमेकांकडे बघायला लागले. कढईचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पंचाने शांत राहायची खूण केली. मी शांत राहिले. ढाल्याही टाकीमागे शांत राहिला. चौथ्या फेरीत त्याच्याजवळ कोणी फिरकलं नाही. फिरकेल कशाला? डॉक्टरांनी बघितलं होतं, ज्याची भीती वाटावी असा तो नवा वीर पाण्याच्या टाकीची राखण करतो आहे.

पाचव्या फेरीत पल्लवीने त्यांचा आणखी एक पाडला. उरले आमचा एक वीर आणि मुंगवडी, त्यांचा एक. गुण त्यांचा एक जास्त. सहाव्या फेरीत पल्लवीने शेवटचा वीर चौकात घातला. फासे असे पडले की दोघं एकाच वेळी मेले. चौक रिकामा.

खेळून मोकळी झालेली पोरंही टेबलाभोवती गोळा झाली. पल्लवी माझ्याकडे वळली. सकाळपासून पहिल्यांदा ती माझ्याकडे नीट बघत होती.

"आजी, फक्त ढाल्या राह्यला. चौकात पोचला की दोन गुण. जिंकलो आपण. काढ त्याले बाहेर. सहा बोटं चालते तो."

मी टाकीमागून मुंगवडी काढली. पंचाने टेप लावला. मी सहा बोटं पुढे ठेवली. सगळ्यांनी वाकून बघितलं. पंचाने पुन्हा टेप लावला.

चौक अजून दोन बोटं लांब होता.

"पाचव्या फेरीत निघाली असती ना वं तू..." पल्लवी एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

डॉक्टर भले माणूस. उठून माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "आजी, तुमची ढाल आम्हाला शेवटपर्यंत फोडता आली नाही." मी म्हणाले, "फोडायले तुम्ही आलातच कुठे?" ढाल कोपऱ्यात लपवून माणसं मरू देणारी सेनापती जगाने आजवर पाहिली नसेल. त्यांनी ती फुकट पाहिली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "पल्लू, एक तळला होता मी. दुसरा माह्या हाताने मराले पाठवता आला नाही."

आर्णी आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या साली आईच येईन."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

घरी वंदना पाय उशीवर ठेवून दाराकडे डोळे लावून बसली होती. "काय झालं? नागपूर?"

"नाही," पल्लवी म्हणाली आणि आत जाऊन भिंतीवरचा कागद काढू लागली.

"अन् आपले कोण वाचले?"

मीच तळहात उघडून दाखवला. टेबलावर दहा जण उतरले होते. त्यातले नऊ मेले, आणि खरा ढाल्या तर सकाळीच कढईत गेला होता. जिवंत परत आलो त्या दोघीच, एक मुंगवडी आणि एक मी.