चार हजार जोड्यांतली एक

नाहीद रोज ऑफिसात आली की आधी चपला काढून खुर्चीवर मांडी घालायची, मग कॉम्प्युटर लावायची. चंद्रपूरच्या त्या संशोधन केंद्रात असं बसणारी ती एकटीच.

२००७ साल. गडचिरोलीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाबूभाईंची ही मुलगी केंद्रात आकडेवारीचं काम बघायची. कुरखेड्याकडच्या, सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या मेंदूचे एमआरआय नागपूरला काढले होते. मेंदूचे नव्वद भाग. कोणता कोणाशी जोडून चालतो, अशा चार हजार जोड्या. तिनं सगळ्या तपासल्या. दोनशेएक जोड्यांत फरक दिसला.

केंद्राच्या प्रमुख सरांनी त्यातली एक उचलली, वाचनाशी संबंध असलेली. "झालं! सिकलच्या मुलांत ही जोडणी कमजोर. लिहा."

"सर, दुरुस्ती राह्यली अजून. चार हजार तपासल्यावर दोनशे तर नुसत्या योगायोगानं निघतात."

"त्यात एखादी खरी असेल ना?"

"असंल. पन ती हीच, हे कोन सांगन? एका पोरीनं फोडलेले पाच चिंचोके फेकले अन् पाचही पांढरे पडले, तर नवल. अख्ख्या शाळेनं फेकले तर कोनाचे तरी पडतीलच. तिच्या हातात जादू हाय म्हनून लिहाल का?"

मुलांना नागपूरला नेऊन आणणारा प्रवीण फिसकन हसला. सर हसले नाहीत.

तिनं जोड्यांच्या संख्येप्रमाणे कसोटी कडक केली. एकही जोडी उरली नाही.

"अहवाल आश्रमशाळांत जायचाय," सर म्हणाले. "सही करा. नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

"हे वाचून मास्तर त्या पोरायले मांगच्या बाकावर बसवतील. शिकवनंच सोडतील. नाई करत."

तिनं सरांचं वाक्य खोडलं. वर लिहिलं, 'दुरुस्तीनंतर फरक दिसला नाही', आणि त्याखाली सही केली. "फरक नाईच, असं मी म्हनत नाई. दिसला नाई, एवढंच."

पैसे देणाऱ्या संस्थेला तिची सही हवीच होती. अहवालात वाक्य तिचंच गेलं. नोकरीही गेली.

प्रवीणनं तिला बसस्टँडवर सोडलं. बसच्या खिडकीखाली उभा राहून म्हणाला, "बाई, जरा नमतं घेतलं असतं तर?"

"तूच आनली होती ना ती पोरं? त्यायच्या मायले तूच सांगितलं असतं का, तुमचं पोरगं वाचू शकत नाई म्हनून?"

गाडी सुरू झाली.

"सरक तिकडं, मांगून दुसरी गाडी येऊन राह्यली," नाहीद म्हणाली.