फळ्यावरची रिकामी ओळ

लालबागच्या आमच्या चाळीखाली मंडळाचा फळा होता आणि त्यावर बाबा रोज सकाळी दिनविशेष लिहीत. एकाच तारखेला कुणी राजा गादीवर बसलेला, कुठे जहाज बुडालेलं, कुणी पहिल्यांदा विमान उडवलेलं. शेकडो वर्षांचं अंतर असलेली ही मंडळी बिऱ्हाडकरूंसारखी एकाखाली एक नांदत. बाबा गिरणीत साच्यावर कापड विणायचे, पण अक्षर मास्तरांना लाजवील असं.

गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगा गप्प झाला. तरी बाबा पहाटे त्याच वेळी दचकून उठत. "भोंगो झालो काय?" विचारत. आईने शिवडीच्या एका गोदामात त्यांच्यासाठी वॉचमनची जागा बघून ठेवली होती, पण त्यांना साच्यावरच परतायचं होतं.

वर्ष भरलं, तीच तारीख पुन्हा आली. आई खाली फळ्यापाशी गेली.

"लिवा. गेल्या वर्सा आजच संप सुरू झालो. गेलेल्याक गेलो म्हणूक व्हया. आणि शिवडीक चला."

"चालू आसा ता दिनविशेषात कसा घालू?" बाबा म्हणाले. एक ओळ रिकामी सोडून त्यांनी हात झटकले.

गोदामातली जागा दुसऱ्याला मिळाली. आई दादरला घरोघरी पोळ्या लाटू लागली. मला बाबांचा भयंकर संताप येई. हट्टीपणालाही काही मर्यादा असते!

पुढे दरवर्षी त्या तारखेला एक ओळ रिकामी राहिली. गिरणी पाडली, तिथे टॉवर उभा राहिला, तरीही. येणारेजाणारे तिथे घटकाभर थांबत आणि पुढे जात. मी त्या दिवशी मागच्या जिन्याने उतरायची.

बाबा गेले. त्यानंतर ती तारीख आली तेव्हा मंडळाच्या नव्या कार्यकर्त्याने सुबक अक्षरांत लिहिलं: गिरणी संपाला सुरुवात. कामावरून परतताना आईने ते वाचलं आणि पदराने तेवढीच ओळ पुसून टाकली.

"अगं, खरंच आहे ते," मी म्हटलं.

"संप मागे घेतलो कोणी? चालूच आसा," ती म्हणाली आणि जिना चढू लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती दचकून उठून बसली.

"भोंगो झालो काय गे?" तिने मला विचारलं.