गौरीसाठी घेतलेल्या गोळ्या

ऑफिसात स्वरूपाच्या हातून एकही तारीख कधी चुकली नाही. दिल्लीतल्या एका केंद्रीय कार्यालयात ती डाक विभागात होती. आलेल्या पत्रावर शिक्का मारायचा, डायरी नंबर टाकायचा आणि पत्र ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवायचं. एकदा एका बड्या साहेबांनी तिला हळूच सांगितलं, "मैडम, इस पर परसों की तारीख डाल दीजिए." तिनं शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि चहा प्यायला निघून गेली. मराठी मॅडमकडे तसलं काही चालत नाही, हे त्या दिवसापासून मजल्यावर सगळ्यांना ठाऊक झालं.

अशी ही बाई फरीदाबादच्या आपल्या घरात गेली पावणेदोन वर्षं दर अठ्ठावीस दिवसांनी बिनदिक्कत खोटी तारीख लावत होती.

झालं असं, की स्वरूपाला पाळी वेळेवर यायचीच नाही. कॉलेजात असल्यापासून दोन-दोन, तीन-तीन महिने गायब. लग्नानंतर तर चार-पाच महिने पत्ता नसायचा. नवऱ्याला, निखिलला, हे माहीत होतं. त्या दोघांना मूल हवं होतं आणि पाळीच येत नाही तर मूल कुठून येणार, हा प्रश्न दोघांनाही पडत होता. पण त्याचं उत्तर शोधायला जायचं धैर्य होत नव्हतं. तो नोएडाला एका कंपनीत होता, सकाळी आठला कॅबमध्ये बसायचा आणि रात्री दमून घरी यायचा. शनिवारी बोलू, असं दर मंगळवारी ठरायचं.

सासूबाईंना, म्हणजे सुमित्राबाईंना, यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाला सातआठ महिने झाले असतील, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की सुनेचे दोन महिने कोरडे गेलेत. विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि एका रविवारी सकाळी केळं घालून, बदाम पेरून शिरा केला. साताऱ्याला बहिणीला फोन करून "अजून कुणाला बोलू नकोस हं" असंही सांगून झालं. बहिणीनं संध्याकाळपर्यंत चौघींना सांगितलं. मग स्वरूपाला एकापाठोपाठ एक जपून राहण्याचे फोन यायला लागले. तसं काही नाहीये, हे प्रत्येकीला सांगताना तिचा जीव मेटाकुटीला आला. सुमित्राबाई एवढंच म्हणाल्या, "बरं बरं, माझंच चुकलं," आणि उरलेला शिरा कामवाल्या बाईला देऊन टाकला. तो डबा जिन्यातून खाली जाताना स्वरूपानं पाहिला. पुन्हा हे आपल्याच्यानं होणार नाही, एवढं तिला त्या क्षणी कळलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "आई, आज देवाजवळ दिवा तुम्ही लावाल का? मला अडचण आहे."

सुमित्राबाईंनी तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि दिवा लावला.

खोटं करायचंच तर नीट करावं, म्हणून स्वरूपानं ते चार दिवस कडक पाळले. देवघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. पाचव्या दिवशी सकाळी सहाला उठून डोक्यावरून अंघोळ. मोबाइलमध्ये अठ्ठावीस दिवसांचा रिमाइंडर लावला आणि त्याला नाव दिलं 'पाण्याचा फिल्टर'. एकदा तो वाजला तेव्हा सासरे, उल्हासराव, पेपर बाजूला करून म्हणाले, "अगं, हा फिल्टर दर महिन्याला साफ करावा लागत असेल तर कंपनीनं फसवलंय आपल्याला." निखिलला जेवता जेवता ठसका लागला. खोलीत गेल्यावर तो म्हणाला, "यार, सांगून टाक ना एकदा. किती दिवस चालवणारेस हे?" ती म्हणाली, "तू सांग." तो मोबाइल चार्जिंगला लावायला उठला.

एक गोष्ट तिला सारखी टोचायची. त्या चार दिवसांत सुमित्राबाई दुखऱ्या गुडघ्यांनी एकट्या ओट्याशी उभ्या राहायच्या. वर तिला चहा हातात आणून द्यायच्या, खोलीच्या दारातून, पाहुणीला द्यावा तसा. तो चहा तिला गोड लागत नसे.

खोट्याचं एक असतं, की ते घरातल्या घरात राहत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा सुमित्राबाई स्वतःच तिला सेक्टरमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "पीरियड्स रेगुलर हैं?"

स्वरूपानं तोंड उघडायच्या आत सुमित्राबाई म्हणाल्या, "बिल्कुल. हर अट्ठाईस दिन. घड़ी मिला लो."

डॉक्टरांनी स्वरूपाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. कागदावर 'नियमित' असं लिहिलं गेलं. मग सगळं ठीक दिसतंय, टेन्शन घेऊ नका, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या घ्या, सहा महिने वाट बघा, असं सांगून त्यांनी पाठवणी केली. ज्या हातानं ती रोज खऱ्या तारखांचे शिक्के मारायची, त्याच हातात तो खोटा कागद धरून स्वरूपा रिक्षात बसली. सहा महिने ती वाट बघत राहिली. कसली, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या सहा महिन्यांत तिची एकतिशी उलटली आणि पाळी एकदाही आली नाही.

मग गौरी आल्या.

त्या घरी गौरी उभ्या असत. फरीदाबादच्या, नोएडाच्या मराठी बायका हळदीकुंकवाला येत, सोळा भाज्या होत, पुरणाचा घाट असे. दहा दिवस आधी सुमित्राबाई भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्वरूपा, तुझी तारीख नेमकी गौरी जेवणाच्या दिवशी येतेय गं."

स्वरूपानं मोबाइल काढून बघितला. फिल्टर खरंच त्याच दिवशी होता.

"मी तुझ्या सासऱ्यांकरवी गोळ्या मागवल्यात," सुमित्राबाई म्हणाल्या. "पुढे ढकलायच्या. सगळ्याच घेतात गं सणासुदीला. एवढी हौसेनं साड्या नेसवतेस गौरींना आणि ऐन वेळी बाजूला बसशील, मला बघवणार नाही."

जी पाळी येणारच नव्हती ती पुढे ढकलायच्या गोळ्या. स्वरूपाला आधी हसू आलं, मग घाम फुटला. फेकून देता आल्या असत्या, पण सुमित्राबाईंचा काटेकोरपणा दांडगा. सकाळची गोळी त्या स्वतः पाण्याच्या भांड्यासह हातात द्यायच्या, दुपारची डब्याच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवायच्या, रात्रीची जेवणानंतर. समोर उभ्या राहायच्या. स्वरूपानं पहिल्या सकाळी घरच्या घरी गरोदरपणाची चाचणी करून पाहिली, नेहमीसारखीच एक रेघ आली. आता काय बिघडणार आहे, असं म्हणून तिनं गोळी गिळली.

गौरी छान झाल्या. पुरणपोळ्या स्वरूपानं लाटल्या, आरतीला ताट तिच्या हातात होतं. सगळ्या बायका म्हणाल्या, सून काय गुणी आहे. गौरींचं विसर्जन झालं तशा गोळ्या थांबल्या.

चौथ्या दिवशी ती ऑफिसला निघायच्या तयारीत होती, तेव्हा ओटीपोटात ओळखीची कळ आली. आधी तिला वाटलं, पुरणानं पोट बिघडलं. बाथरूममध्ये गेली आणि बघतच राहिली. पाळी आली होती. पुऱ्या सात महिन्यांनी आली होती. स्वरूपा उलट्या बादलीवर बसली आणि रडायला लागली, अगदी हुंदके देऊन. आपलं शरीर बंद पडलेलं नाही, एवढंच तिला कळत होतं आणि तेवढंच तिला पुरेसं होतं.

सुमित्राबाईंनी दार वाजवलं. "स्वरूपा? काय झालं गं? पडलीस का?"

ती बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल. "पाळी आली, आई."

"मग रडतेस काय? दर महिन्याला येतेच की."

स्वरूपानं एकदा देवघराकडे पाहिलं, एकदा कॅलेंडरकडे. आता खोटं बोलायला तिच्याकडे त्राणच उरलं नव्हतं. "दर महिन्याला येत नाही, आई. सात महिन्यांनी आलीय. मी खोटं बोलत होते. ते चार दिवस, ते बाजूला बसणं, सगळं खोटं होतं. तुम्ही पुन्हा शिरा कराल आणि पुन्हा तो कामवाल्या बाईला द्यावा लागेल, या भीतीनं."

सुमित्राबाई डायनिंगच्या खुर्चीवर बसल्या. आता साताऱ्याला फोन जाणार, असंच स्वरूपाला वाटलं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे अकोल्याला हे पाळत नाहीत?"

"नाही. आमच्या घरी कुणीच नाही. तुम्ही पाळता म्हणून मी..."

"मी कधी पाळलं?" सुमित्राबाई म्हणाल्या. "लग्न होऊन सरकारी क्वार्टरमध्ये आले, दोन खोल्या. बाजूला बसू कुठे, जिन्यात? आणि तुझ्या सासऱ्यांना चहा करता येत नव्हता. मी बसले असते तर चार दिवस उपाशी मेले असते ते. गावाहून सासूबाई आल्या की तेवढ्यापुरती बसायची. तू पहिल्यांदा अडचण म्हणालीस तेव्हा मला वाटलं, हिच्या माहेरी कडक असेल. पोरीचा नेम मोडायला नको. दोन वर्षं गुडघे धरून पोळ्या लाटल्यात मी तुझ्यासाठी."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आधी सुमित्राबाईंना हसू फुटलं, मग स्वरूपाला, आणि मग हसता हसता स्वरूपा पुन्हा रडली. सुमित्राबाईंनी तिला जवळ ओढलं. "वेडी," त्या म्हणाल्या. "त्या डॉक्टरसमोर मी कशी ठणकावून सांगत होते. माझ्या तोंडावर हात तरी ठेवायचास." मग त्यांचा आवाज खाली आला. "चूक माझीही आहे. शिरा करायच्या आधी तुला विचारायला हवं होतं."

त्या दिवशी स्वरूपानं रजा टाकली. संध्याकाळी देवाजवळचा दिवा तिनंच लावला.

त्याच आठवड्यात दोघी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेल्या. या वेळी स्वरूपा बोलली आणि सुमित्राबाई तोंडाला पदर लावून बसल्या. डॉक्टरांनी 'नियमित' या शब्दावर आडवी रेघ मारली. केमिस्टकडून परस्पर गोळ्या आणून घेतल्याबद्दल दोघींना चांगलं फैलावर घेतलं. पण त्यांनीच समजावलं, की त्या गोळ्या थांबवल्या म्हणूनच हा रक्तस्राव झाला, आणि झाला हे चांगलंच लक्षण आहे. सोनोग्राफी झाली, साखर, थायरॉइड झालं, निखिललाही तपासणीला बोलावलं. त्याचं सगळं ठीक निघालं. स्वरूपाला पीसीओएस होता. अंडाशयात बीजं भरपूर, पण एकही धड पिकून बाहेर पडत नाही, म्हणून पाळीही नाही आणि मूलही नाही. "बहुत कॉमन है," डॉक्टर म्हणाल्या. "इलाज है. बस, मुझे तारीख सही चाहिए."

तारखेचं खातं सुमित्राबाईंनी घेतलं. पाळी आली की त्या आपल्या पाकिटातली एक लाल टिकली काढून कॅलेंडरवर त्या तारखेला चिकटवत. उल्हासरावांनी एकदा विचारलं, हे काय, तर म्हणाल्या, "पाण्याचा फिल्टर." रोज संध्याकाळी सासूसुना सेक्टरच्या बागेत फेऱ्या मारू लागल्या. सुमित्राबाई दोन फेऱ्यांनंतर बाकावर बसून स्वरूपाच्या मोजत. हिवाळ्यात धुराने डोळे चुरचुरायला लागले तेव्हा फेऱ्या घरातच, हॉलपासून गॅलरीपर्यंत. स्वरूपाचं चार किलो वजन उतरलं. मग पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत घ्यायच्या, बीज पिकवायच्या वेगळ्या गोळ्या सुरू झाल्या आणि बाराव्या दिवशी सोनोग्राफी. पहिल्या महिन्यात काही पिकलं नाही. स्वरूपानं दोन दिवस फेऱ्याही मारल्या नाहीत. दुसऱ्या महिन्यात डोस वाढवला आणि एक बीज नीट मोठं होऊन फुटलं. अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी आली. मूल राहिलं नव्हतं, तरी स्वरूपा दिवसभर खुशीत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपली पाळी ठरल्या दिवशी आली, याचंच तिला अप्रूप. सुमित्राबाईंनी टिकली लावली.

तिसऱ्या महिन्यात अठ्ठाविसावा दिवस गेला. एकोणतिसावा गेला. तिसावा, एकतिसावा. सुमित्राबाई कॅलेंडरसमोरून जाताना मान मुद्दाम दुसरीकडे वळवत, आणि निखिल विनाकारण घरी लवकर येऊ लागला. कुणीच काही विचारलं नाही.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी सुमित्राबाई ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होत्या. स्वरूपा त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आई, पाळी आली नाही."

हेच चार शब्द सांगावे लागू नयेत म्हणून तिनं दोन वर्षं काय काय केलं होतं. सुमित्राबाईंनी गॅस बंद केला. वरच्या फळीवरचा रव्याचा डबा त्यांनी खाली काढला, हातात धरला आणि परत जागेवर ठेवून दिला.

"आधी चाचणी कर," त्या म्हणाल्या. "तारखांच्या बाबतीत आपल्या घराचा मला भरवसा नाही."

"केली," स्वरूपा म्हणाली. तिनं पदराआडून ती पट्टी काढून ओट्यावर ठेवली. दोन रेघा होत्या. "निखिल आत बसलाय. रडतोय. तुम्हाला मीच सांगायचं ठरवलं होतं."

सुमित्राबाईंनी पट्टी उजेडात धरून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग सुनेचा हात हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. रव्याचा डबा मात्र या वेळी स्वरूपानं काढला.

"साताऱ्याला फोन करू?" थोड्या वेळानं सुमित्राबाईंनी विचारलं. आधी विचारलं.