शेवटल्या भोजनाला टेप थांबली तेव्हा

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

माझ्या हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. मी तो त्यांच्यासमोर धरलेला. टीव्हीवर प्रभूनं भाकर मोडलेली आणि चित्र तिथंच थांबलेलं, वरून खाली दोन पांढऱ्या रेघा थरथरत होत्या. खोलीत वीस-बावीस माणसं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"हे काय गो? तुझ्या हातचं?" बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "घ्या ना बाई. टेप थांबली."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वर्ग घेणारे सर टीव्हीशेजारी उभे होते, ते हसले नाहीत. ते खूश झाले. म्हणाले, "बघा. अभ्यास करायचा तर हा करा. पडदा कुठला आणि वेदी कुठली, या लोकांना फरकच कळत नाही."

या लोकांना.

चहाच्या वेळी डॉक्टरीणबाई नळावर जाऊन हात धुऊन आल्या. हाताला काही लागलंच नव्हतं.

माझी चूक काय झाली ते सांगते. आमचं गाव जालन्याकडचं. तिथं वर्षातून एकदा मिशनची गाडी सिनेमा घेऊन यायची. शाळेच्या भिंतीला धोतर बांधायचे, त्यावर प्रभूचं चरित्र. आम्ही चपला लांब काढून बसायचो. शेवटल्या भोजनाची जागा आली की उपदेशक रीळ थांबवायचे. मग ज्यानं त्यानं घरून आणलेली भाकर काढायची, मोडायची, शेजारच्याला द्यायची. आधी शेजारच्यानं खायची, मग आपण. वधस्तंभ आला की बायका ऊर बडवून रडायच्या. सख्ख्या लेकाला रडावं तशा. सिनेमा बघायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. तो करायचा असतो एवढंच ठाऊक.

सरांनी टेप थांबवली ती चर्चेसाठी. मला वाटलं, आता भाकर. सकाळीच भाजून पदरात बांधली होती मी.

सरांचे माझ्यावर उपकार होते. आजही नाही म्हणत नाही. शाळा पाचवीत सुटली होती माझी. नवऱ्यानं टाकलं होतं. उपदेशकांनी चिठ्ठी दिली आणि मी दीड दिवस एस.टी. बदलत रत्नागिरीला आले. सरांनी त्यांच्या अभ्यासकेंद्रात ठेवून घेतलं. झाडलोट, खुर्च्या मांडणं, चहा. विहिरीशेजारची खोली राहायला. आणि शब्द दिला होता, ईस्टरनंतर आईला आणलंस तरी चालेल. आई भावाच्या ओसरीत, एका पोत्यावर निजत होती. भावजय तिला ताट सरकवायची पायानं. त्या एका शब्दासाठी मी दिवसातून दहा वेळा "हो सर" म्हणायची. रस्त्यात मला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली तरी काय चुकलं ते रात्रभर आठवत बसायची.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात सरांनी रविवारचा वर्ग काढला. सिनेमा, टीव्ही आणि ख्रिस्ती विचार. भाड्यानं व्हिडिओ आणायचा, खिडक्यांना काळं कापड, दुपारी चारला सुरू. सर हुशार. हिंदी सिनेमातला हिरो दारू पिऊन चर्चमध्ये मूर्तीशी भांडतो, त्यात प्रार्थना कुठली आणि तमाशा कुठला, हे इतकं सुंदर सांगायचे की मी कपबशा धरून दारात उभीच राहायची. सिनेमातली ख्रिस्ती बाई म्हणजे फ्रॉक, सिगारेट आणि शेवटी गोळी, असं म्हणाले तेव्हा मला पटलं. लांज्याच्या स्टँडवर एकीनं मला विचारलंच होतं, "ख्रिस्ती ना तू? मग लुगडं कसं नेसतेस?" वाटलं, सरांना आपलं कळतं.

भाकरीच्या रविवारनंतर सरांनी मला बोलावलं. ओरडतील म्हणून मी जीव मुठीत घेऊन गेले. ते गोड बोलले.

"पुढच्या रविवारी पुण्याचे पाहुणे आहेत. वधस्तंभाला मी टेप थांबवीन. तू पुढं यायचं आणि तुमच्याकडे बायका रडतात तसं रडायचं. भाकरीचंही करून दाखव. लोकांची श्रद्धा कशी असते ते त्यांना दिसू दे."

मी म्हटलं, "हो सर."

ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. अन्न जाईना. प्रार्थनेला गुडघे टेकले की वाटायचं, कुणीतरी मागं उभं राहून बघतंय. पावस गावची सुशीलाकाकी चहाला मदतीला यायची. ती म्हणाली, "कर गो बाय. रडायला काय जातंय? आमच्या शिमग्यात बापये लुगडी नेसून नाचतात, त्यांचं काय झिजतं?"

मी म्हटलं, "काकी, ते सोंग त्यांनी आपण घेतलेलं असतं. हे माझ्यावर घालतायत."

"मग नको करूस."

"आईला कुठं ठेवू?"

काकीनं कपबशा विसळल्या.

रविवार आला. पाहुणे पुढच्या रांगेत. टेप सुरू झाली. शिपायांनी प्रभूला जांभळा झगा घातला, डोक्यावर काटे ठेवले, आणि हसत त्याच्यापुढं गुडघे टेकले. हे मी दहा वर्षं धोतरावर बघत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मारण्याआधी त्याला दाखवायला उभं केलं होतं. हसायला माणसं जमवली होती.

वधस्तंभ आला. सरांनी बटण दाबलं.

"ये. पुढं ये." मग पाहुण्यांना म्हणाले, "ही आमची बाई. हिच्या समाजात अजून..."

मी पुढं गेले.

"सर, मी रडणार नाही."

"अगं, लाजू नकोस. मागच्या रविवारी केलंस तसंच."

"मागच्या रविवारी मी प्रार्थना करत होते. तुम्ही बघत होता."

डॉक्टरीणबाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. दर वेळी मीच मांडायची ती, बसले कधीच नव्हते. जाऊन बसले. बाई उठून मागं गेल्या.

"उपकार विसरलीस," सर हळू म्हणाले.

"नाही विसरले. टेप लावा सर. पुढचं बघायचंय."

त्यांनी टेप लावली नाही. टीव्ही बंद केला. बुधवारपर्यंत खोली रिकामी कर म्हणाले.

मी बाहेर आले आणि विहिरीच्या कठड्याशी जाऊन बसले. शूर वगैरे काही वाटलं नाही. आई दिसत होती, पोत्यावर. परत जाऊन पाय धरावेत असं त्या संध्याकाळी दोनदा मनात आलं. दुसऱ्यांदा तर दारापर्यंत गेले. आतून सर पाहुण्यांना माझ्याबद्दलच सांगत होते. अशी माणसं, म्हणत होते, दुखावली की हट्टी होतात. मी माघारी वळले.

मंगळवारी अंतर्देशीय घेतलं आणि वाकड्या अक्षरात स्वतः लिहिलं. आईला वाचता येत नाही, उपदेशक वाचून दाखवतात, म्हणून पत्र दोघांनाही.

"आई, ईस्टरला येऊ नको. खोली गेली. माझ्या तोंडानं गेली. काकीनं तिच्या पडवीत चार दिवस जागा दिलीय. मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात उभ्यानं काम असतं, तिथं विचारते. तुला पोत्यावर अजून किती दिवस काढावे लागतील ते मला सांगता येत नाही. खोटं सांगणार नाही. उपदेशकांना माझा नमस्कार. त्यांनी सरांना माफीचं पत्र लिहू नये. माझ्या नावानं तर नाहीच. लिहिलं आणि सरांनी परत बोलावलं, तरी मी जाणार नाही."